क्रिएटिन : आधी ताट, मग तपासणी, मग डबा



पोलीस भरतीची चाहूल लागली की सोलापुरात होम मैदानावर आणि पार्क स्टेडियमच्या आसपास पहाटे पाचपासून पोरापोरींची गर्दी दिसते. बुधवार पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत आणि मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याच्या गावांतूनही पोरं तयारीला येतात. २०२४ च्या भरतीत राज्यात सतरा हजारांवर पदांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. अशा ठिकाणी अर्ध्या गुणासाठीही जीव टांगणीला लागतो. मग कुणीतरी कानात सांगतो, "क्रिएटिन घे, फरक पडतो."

मी जीएनएमचा डिप्लोमा करून पंधरा-सोळा वर्षे वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरात काम केले. आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. आमच्या बैठकांत आया रक्तदाबाबद्दल विचारतात, सुना लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारतात आणि पोरं बैठक संपल्यावर बाजूला घेऊन हळूच विचारतात, "ताई, क्रिएटिन घेऊ का? कधी घ्यायचं? किडनी जाते म्हणतात, खरं का?" हळूच विचारतात, कारण घरात बापाला वाटते की पोरगा कसलीतरी नशा करतोय. जिमवाला मात्र सांगतो की याशिवाय अंग बनतच नाही. दोघांच्याही बोलण्यात अर्धवट माहिती आहे, आणि तिचा भुर्दंड पोराच्या शरीराला आणि घरच्या खर्चाला बसतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. क्रिएटिन विष नाही आणि जादूही नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, मूत्रपिंड निरोगी असलेल्या आणि रोज पोटभर सकस जेवणाऱ्या तरुणाने ते योग्य प्रमाणात घेतले तर थोडा फायदा होतो. पण ज्याच्या ताटात डाळ पातळ आहे आणि ज्याचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्याने आधी डब्यावर पैसे घालणे म्हणजे गळक्या घराला रंग देणे आहे.

क्रिएटिन म्हणजे काय

क्रिएटिन कारखान्यात शोधलेले रसायन नाही. शेव्हरल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३२ मध्ये ते मांसातून वेगळे काढले आणि ग्रीक भाषेतील मांसाच्या शब्दावरून त्याला नाव दिले. आपले यकृत आणि मूत्रपिंडे मिळून रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन स्वतः तयार करतात. उरलेले मटण, चिकन आणि मासळीतून मिळते. शरीरातले जवळजवळ ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंत साठलेले असते.

त्याचे काम सोप्या भाषेत असे. स्नायू आकसायला लागणारी ताकद एटीपी नावाच्या पदार्थातून येते. जोर लावला की स्नायूतला एटीपी दोन-तीन सेकंदांत संपत येतो. तेव्हा साठवलेले क्रिएटिन त्याला पटकन पुन्हा भरून देते. हा साठा साधारण दहा सेकंदांच्या जोरापुरता असतो. पुढचा जोर शरीर साखर आणि प्राणवायूवर चालवते.

एक किलो कच्च्या मांसात सुमारे चार ते पाच ग्रॅम क्रिएटिन असते. म्हणजे पाव किलो मटणातून एक ग्रॅमच्या आसपास मिळते. डाळी, सोयाबीन आणि ज्वारीत ते नसते, अंडी आणि दुधातही नगण्य असते. आपल्या घरांत सुकट, बोंबील, वजडी, मटण आणि पूर्वी वाळवून ठेवलेल्या चान्या खाल्ल्या जात. या अन्नाला नाके मुरडणारे आज तोच पदार्थ पांढऱ्या पावडरीत विकत घेतात, हे लक्षात ठेवायला हरकत नाही. जो शुद्ध शाकाहारी आहे, त्याच्या स्नायूंतला साठा मुळात कमी असतो, म्हणून पावडरीचा फरक त्याला जास्त जाणवू शकतो.

भरतीत त्याचा उपयोग किती

हा हिशेब कुणी मांडून सांगत नाही, म्हणून इथे मांडते. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर असते.

१०० मीटरची धाव बारा-पंधरा सेकंदांची असते. मुलांचा सात किलोंहून जड गोळा आणि मुलींचा चार किलोंचा गोळा फेकायला तर एका क्षणाचा जोर लागतो. या दोन्ही ठिकाणी क्रिएटिनचा संबंध येतो. पण तोही सरळ नाही. क्रिएटिन घेऊन नुसते बसले तर गोळा लांब जात नाही. क्रिएटिनमुळे सरावात दोन बैठका जास्त मारता येतात, एक धाव जास्त घेता येते. महिनाभर असा जास्तीचा सराव झाला की ताकद थोडी वाढते. ज्याला सरावच करायचा नाही, त्याने डब्याला हात लावू नये.

१६०० मीटरचे काय? ती पाच-सहा मिनिटांची धाव आहे. तिथे फुप्फुसे, हृदय आणि रक्तातले हिमोग्लोबिन कामाला येते. दहा सेकंदांचा साठा तिथे पुरत नाही. उलट क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी धरले जाते आणि सुरुवातीच्या दिवसांत वजन एक ते दोन किलोंनी वाढू शकते. हे वजन घेऊन चार फेऱ्या मारायच्या असतात. राज्य राखीव दलाच्या भरतीत तर पाच किलोमीटर धावावे लागते. सर्वात जास्त गुण ज्या धावेला आहेत, तिथेच क्रिएटिनचा फायदा जवळजवळ नाही. ही गोष्ट डबा विकणारा सांगत नाही.

मुलींसाठी वेगळे सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन नऊ असलेली मुलगी ८०० मीटरमध्ये शेवटच्या दोनशे मीटरला धापा टाकते, पाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तिला मैदानावर सांगितले जाते, "स्टॅमिना नाही, सप्लिमेंट घे." तिला खरी गरज लोहाच्या गोळ्यांची, जंताच्या गोळीची आणि पालेभाजीवर पिळलेल्या लिंबाची असते. या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बाईचे हिमोग्लोबिन बाराच्या वर आणि पुरुषाचे तेराच्या वर हवे. ते आधी तपासा.

घ्यायचे ठरवलेच तर

आता प्रश्नाचे सरळ उत्तर. ज्याचे वय अठरा पूर्ण आहे, तपासण्या ठीक आहेत, जेवण नीट आहे आणि सराव नियमित आहे, त्याने असे करावे.

कोणते घ्यावे : साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट. सर्वात जास्त अभ्यास याच प्रकाराचा झाला आहे. एचसीएल, इथाइल एस्टर, नॅनो अशा नावांचे महाग प्रकार याहून चांगले आहेत असे सिद्ध झालेले नाही.

किती घ्यावे : दिवसाला तीन ते पाच ग्रॅम. साठ किलोंच्या माणसाला तीन ग्रॅम भरपूर झाले. घरातला चमचा वापरू नका, डब्यातले माप वापरा आणि ते माप किती ग्रॅमचे आहे हे वेष्टनावर वाचा.

लोडिंग करावे का : पहिले पाच ते सात दिवस रोज वीस ग्रॅम, चार वेळांत विभागून घेण्याच्या पद्धतीला लोडिंग म्हणतात. १९९२ मध्ये स्वीडनमध्ये झालेल्या संशोधनात अशा मोठ्या मात्रेने स्नायूंतला साठा वाढतो हे दिसले आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर गेली. पण ती आवश्यक नाही. रोज तीन ग्रॅम घेतले तरी तीन-चार आठवड्यांत साठा तेवढाच भरतो. लोडिंगमध्ये पोट बिघडते, जुलाब होतात, आणि डबाही लवकर संपतो. त्यात फायदा विकणाऱ्याचा.

कोणत्या वेळी घ्यावे : यावर जिममध्ये तासन्‌तास वाद चालतात. सराव संपल्यावर जेवणाबरोबर घेतल्यास किंचित जास्त फायदा होतो असे काही अभ्यास सांगतात, पण फरक इतका लहान आहे की त्यासाठी जीव कासावीस करू नये. क्रिएटिन चहासारखे घेतल्याबरोबर तरतरी देत नाही, ते हळूहळू साठते. म्हणून वेळेपेक्षा रोज घेणे महत्त्वाचे. सकाळच्या सरावानंतर न्याहारीबरोबर घ्या, म्हणजे विसरणार नाही. सुट्टीच्या दिवशीही घ्या. एक दिवस राहिले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

कसे घ्यावे : ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या. कोमट पाण्यात लवकर विरघळते. रात्री भिजवून सकाळी पिऊ नका, कारण पाण्यात राहिले की त्याचे हळूहळू क्रिएटिनिन होते आणि ते निरुपयोगी असते. उपाशीपोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या.

कधी सुरू करावे : मैदानी चाचणीच्या किमान सहा-आठ आठवडे आधी. चाचणीला आठवडा राहिला असताना सुरू केले तर हातात फक्त वाढलेले वजन आणि बिघडलेले पोट येते. चाचणीच्या आठवड्यात कोणतीही नवी गोष्ट तोंडात घालायची नाही, हा नियम पाळा. बंद केले तर चार ते सहा आठवड्यांत साठा पूर्वीसारखा होतो. त्याची सवय लागत नाही, सोडल्यावर त्रासही होत नाही.

पाणी : सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो आणि शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. अशा शहरात "भरपूर पाणी प्या" हे सांगणे सोपे, करणे अवघड. तरी सांगते, सरावाला जाताना स्वतःची बाटली भरून न्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा. साठवलेले पाणी उकळून किंवा तुरटी-क्लोरीन वापरून प्या. जुलाब लागले की आठवड्याचा सराव वाया जातो.

किडनीची भीती

"क्रिएटिनने किडनी जाते" हे वाक्य मी सर्वात जास्त ऐकते. निरोगी माणसांवर पाच वर्षांपर्यंत चाललेल्या अभ्यासांत योग्य मात्रेने मूत्रपिंडाला इजा झाल्याचे दिसलेले नाही. मग ही भीती आली कुठून? नावाच्या गोंधळातून.

क्रिएटिन आणि क्रिएटिनिन हे दोन वेगळे पदार्थ आहेत. क्रिएटिन वापरले गेले की त्याचे क्रिएटिनिन होते आणि मूत्रपिंडे ते लघवीतून बाहेर टाकतात. मूत्रपिंड खराब झाले की ते रक्तात साचते, म्हणून डॉक्टर ती तपासणी करतात. आता जो माणूस बाहेरून क्रिएटिन घेतो, त्याच्या रक्तात क्रिएटिनिन थोडे जास्त दिसू शकते, मूत्रपिंड ठणठणीत असतानाही. पोरगा डॉक्टरांना पावडरीचे सांगत नाही, रिपोर्ट जास्त येतो, आणि घरात रडारड सुरू होते. उलटेही घडू शकते. खरा आजार असतो आणि पोरगा म्हणतो, "ते क्रिएटिनमुळे आलंय." म्हणून पावडर सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. तो आकडा कागदावर असला की पुढे तुलना करता येते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आणि नर्सला स्पष्ट सांगा की क्रिएटिन चालू आहे. शंका राहिली तर डॉक्टर काही आठवडे बंद करून पुन्हा तपासतील किंवा सिस्टॅटिन सी नावाची दुसरी तपासणी सांगतील. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो तिथे, साध्या तपासण्या होतात. लाजू नका, केसपेपर काढा.

केस गळतात का, हाही प्रश्न येतो. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत काही रग्बी खेळाडूंवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात एक हार्मोन वाढलेले दिसले, तिथून ही चर्चा सुरू झाली. त्या अभ्यासात केस मोजलेलेच नव्हते. केस गळण्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

कोणी घेऊ नये : अठरा वर्षांखालील मुलामुलींनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, एकच मूत्रपिंड असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, कायम औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि एक सवय आपल्या पोरांत फार आहे, पाय दुखले की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा पळायचे. उन्हात, कमी पाण्यात, रोज अशा गोळ्या खाणे मूत्रपिंडाला खरेच घातक आहे. क्रिएटिनला घाबरणारे आईबाप या गोळीकडे मात्र दुर्लक्ष करतात.

खरा धोका कुठे आहे

धोका पावडरीपेक्षा त्याच दुकानात, त्याच माणसाकडून मिळणाऱ्या दुसऱ्या गोष्टींचा आहे. मेफेंटरमिन नावाचे इंजेक्शन आहे. ऑपरेशन थिएटरात मणक्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते देतात. तेव्हा रुग्ण मॉनिटरला जोडलेला असतो, प्रत्येक ठोका समोर दिसत असतो आणि काही बिनसले तर हाताशी सगळी औषधे असतात. हेच इंजेक्शन "स्टॅमिना वाढतो" म्हणून तरुणांना चोरून विकले जाते. पुण्यासह राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने त्याचे साठे पकडले आहेत. ज्याच्या छातीत धडधड वाढवून, रक्तदाब चढवून त्याला भर उन्हात पळवले, त्याच्या हृदयाचे काय होईल हे सांगायला नर्स लागत नाही. शिवाय त्याचे व्यसन लागते, झोप उडते, डोके फिरते. स्टिरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शनेही अशीच येतात. पोरांनो, तुमच्यासमोर कुणी सुई काढली, मग तो उस्ताद असो की मोठा भाऊ, तिथून उठून या.

धावताना जीव गेल्याच्या घटना आपण वाचल्या आहेत. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. प्रत्येकाचे कारण वेगळे असेल. पण उन्हात, अर्धपोटी, झोप न झालेला तरुण जिवाच्या आकांताने पळतो तेव्हा शरीर आधीच काठावर असते. त्यात कुठलेही उत्तेजक घालणे म्हणजे मरणाशी खेळ.

दुसरा धोका भेसळीचा. क्रिएटिन जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही, खेळाडू ते घेऊ शकतात. पण डब्यात क्रिएटिनच आहे याची खात्री कोण देणार? आपल्या राज्याचा मल्ल नरसिंग यादव तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक होता. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी त्याच्या चाचणीत मेथँडिएनोन हे स्टिरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवले, असे त्याचे म्हणणे होते आणि देशातल्या समितीने ते मान्यही केले. पण १८ ऑगस्ट २०१६ रोजी क्रीडा लवादाने ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली, आणि कुस्ती न खेळताच तो परतला. त्यात खरे-खोटे काय, हा निवाडा करायची ही जागा नव्हे. धडा एवढाच की आपल्या पोटात काय जाते याची जबाबदारी शेवटी आपल्यावरच टाकली जाते. म्हणून सुट्टी पावडर, फुटलेल्या सीलचा डबा, "मित्राने दिलेले" मिश्रण घेऊ नका. वेष्टनावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी बघा. घटकांत क्रिएटिन मोनोहायड्रेटशिवाय दुसरे काही लांबलचक लिहिले असेल, "प्रोप्रायटरी ब्लेंड" असे मोघम असेल, तर ठेवून द्या. पक्के बिल मागा. बिल द्यायला तयार नसलेला दुकानदार काहीतरी लपवतो आहे असे समजा.

आधी ताट

सराव करणाऱ्या साठ किलोंच्या तरुणाला दिवसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिने लागतात. ती डब्याशिवाय मिळतात. हिशेब बघा. ज्वारीच्या चार भाकरींतून साधारण चोवीस ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरणातून तेरा, पन्नास ग्रॅम सोयावडीतून सव्वीस, दोन उकडलेल्या अंड्यांतून बारा, आणि मूठभर शेंगदाण्यांतून किंवा आपल्या सोलापुरी शेंगाचटणीतून सात. बेरीज ब्याऐंशी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली की ज्वारीत कमी असलेले प्रथिनांचे घटक डाळ भरून काढते. आठवड्यातून एक-दोनदा सुकट, मासळी किंवा मटण झाले की क्रिएटिनही येते, लोहही येते.

हे ताट ज्या घरात रोज होत नाही, तिथे आईने विडीच्या मजुरीतून किंवा बचत गटाच्या कर्जातून डबा आणून देऊ नये. आया पोरांवर जीव टाकतात, म्हणून त्यांनाच सांगते. बाई, तो पैसा अंड्यांना आणि डाळीला घाला. घरात धाकटी पोरगी असेल तर तिच्याही ताटात एक अंडे पडेल. डबा एकट्या पोराचा असतो.

आणखी एक तपासणी आपल्या समाजाने विसरू नये. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आढळले आहे, आणि आपल्या सोयरिकी आता सगळ्या महाराष्ट्रात होतात. सिकलसेलचा वाहक माणूस एरवी निरोगी असतो, पण उन्हात पाणी न पिता अतोनात पळाला तर त्याचे स्नायू एकाएकी निकामी होऊ शकतात. ज्यांच्या आजोळी किंवा घरात कुणाला हा आजार आहे, त्यांनी सराव सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

समाजाने आणि शासनाने काय करावे

सगळा दोष पोरांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. पोरगा जिमवाल्याचे ऐकतो, कारण त्याला दुसरे कुणी सांगतच नाही. पुण्याची बार्टी संस्था अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी पोलीस आणि सैन्य भरतीपूर्व प्रशिक्षण देते. ही चांगली योजना आहे. माझी मागणी अशी की अशा प्रत्येक प्रशिक्षण वर्गात पहिल्याच आठवड्यात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, रक्तदाब आणि सिकलसेल यांची तपासणी सक्तीची व्हावी, आणि आहारावर एक तास तरी बोलायला परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ यावी. खासगी अकॅडम्यांनाही हीच अट घालावी. जो प्रशिक्षक आहे त्यानेच पावडर विकू नये, कारण विकणाऱ्याला "तुला गरज नाही" असे सांगणे परवडत नाही. मैदानी चाचण्या पहाटे व्हाव्यात, पाणी, सावली आणि रुग्णवाहिका मैदानावर असावी. ही मागणी घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. निवेदनाचा मसुदा मी करून देते, मंडळांनी सह्या गोळा कराव्यात.

विहारांच्या अभ्यासिकांत सामान्यज्ञानाची पुस्तके आहेत, चालू घडामोडींची कात्रणे आहेत. तिथे भिंतीवर एक कागद आणखी लावा : तुमचे हिमोग्लोबिन किती? रक्तदाब किती? काल किती तास झोपलात? आज डाळ खाल्ली का? या चारही प्रश्नांची उत्तरे ज्याला चांगली देता येतात, त्याने क्रिएटिनचा विचार करावा, तीन ग्रॅम, साधे, बिल घेऊन, रोज. ज्याला देता येत नाहीत, त्याने सोमवारी सकाळी सिव्हिलला जाऊन केसपेपर काढावा. एकटे जायला संकोच वाटत असेल तर आमच्या वस्ती बैठकीत येऊन सांगावे. मी किंवा आमची कुणी कार्यकर्ती बरोबर येईल.